ठिपक्यांमागचं गोदाम

भारताचा कोरा नकाशा घ्या आणि जिथे जिथे डीमार्टचं दुकान आहे तिथे एकेक लाल ठिपका द्या. मार्च 2025 अखेरपर्यंतचे मोजलेत तर 415 ठिपके होतील. मुंबई, ठाणे, नवी मुंबई, पुणे या पट्ट्यात ते एकमेकांवर चढतील. गुजरातेत गर्दी, हैदराबादच्या आसपास गर्दी. मग नजर पूर्वेकडे न्या. कोलकाता कोरं! एवढं अवाढव्य शहर, खाण्यापिण्याची हौस असलेली माणसं, आणि ठिपका एकही नाही. आता खाली केरळात उतरा. लोकांच्या हातात पैसा आहे, वस्ती इतकी सलग की गाव कुठे संपलं नि शहर कुठे सुरू झालं कळत नाही. तिथेही कोरं.

कोलकाता कुणाच्या ध्यानात यायचं राहून गेलं, असं तर होणार नाही. मग ठाण्यात एक दुकान धडाक्यात चालत असताना तिथून काही किलोमीटरवर दुसरं काढणारी माणसं रिकाम्या कोलकात्याला का जात नाहीत?

या प्रश्नाचं उत्तर नकाशातच आहे. गंमत म्हणजे ते ठिपक्यांत नाही. ठिपके ज्याच्याभोवती जमलेत आणि जे नकाशावर दाखवलेलंच नाही, त्यात ते आहे. ते बाहेर कसं काढायचं? ही युक्ती मला पहिल्यांदा समजली तेव्हा मी अक्षरशः थक्क झालो होतो.

आधी एक सापळा चुकवू. दुकानांचे बहुतेक नकाशे हे खरं तर लोकसंख्येचेच नकाशे असतात. माणसं जास्त तिथे दुकानं जास्त, यात शोध कसला? म्हणून ठिपके नुसते मोजायचे नाहीत, दर लाख माणसांमागे किती, ते मोजायचं. तसं मोजलं की नकाशा एकदम पालटतो. अमेरिकेत वॉलमार्टची हजारो दुकानं आहेत. आर्कान्सासारख्या शेतीवाडीच्या राज्यात बारक्या बारक्या गावांतून ती दिसतात, आणि न्यूयॉर्क शहरात आजही एक नाही. देशातलं सगळ्यात मोठं शहर आणि जगातली सगळ्यात मोठी दुकानसाखळी यांची अजून गाठ पडलेली नाही! तिथे कामगार संघटनांचा आणि स्थानिक राजकारणाचा विरोधही होता, पण मूळ कल त्याच्या कितीतरी आधीपासून दिसतो.

पुढची पायरी: ठिपके ‘दाटलेत’ हे डोळ्यांना वाटलं म्हणून खरं मानायचं का? डोळा फार लबाड. मूठभर तांदूळ जमिनीवर फेकले तरी त्यात आपल्याला पुंजके दिसतात. इथे मदतीला आली वनस्पतींची शिरगणती. 1954 साली फिलिप क्लार्क आणि फ्रान्सिस इव्हान्स या दोन अमेरिकी अभ्यासकांना प्रश्न पडला होता तो झाडाझुडपांचा: ही रोपटी सहज उगवली आहेत, की एकमेकांना धरून? त्यांनी काढलेला उपाय तुम्ही रद्दी कागदावर करू शकता.

समजा, 10,000 चौरस किलोमीटरच्या मुलखात 100 दुकानं आहेत. प्रत्येक दुकानापासून त्याचं सगळ्यात जवळचं भावंड किती दूर ते मोजा आणि सरासरी काढा. आता डोळे मिटून ठिपके टाकले असते तर ही सरासरी किती आली असती? त्याचं सूत्र आहे: दर चौरस किलोमीटरला किती दुकानं पडतात त्या आकड्याचं वर्गमूळ काढायचं आणि अर्ध्याला त्याने भागायचं. इथे 0.01 चं वर्गमूळ 0.1, म्हणजे उत्तर 5 किलोमीटर. तुम्ही मोजलेली सरासरी 2 किलोमीटर आली, तर 2 भागिले 5, म्हणजे 0.4. एकच्या खाली म्हणजे दुकानं एकमेकांना धरून बसलीत, योगायोगाने नव्हे. बरोबर एक आलं तर नुसता योगायोग. आणि एकच्या वर गेलं तर ती मुद्दाम एकमेकांपासून लांब सरकली आहेत. हे गुणोत्तर वाढून वाढून जास्तीत जास्त 2.149 होतं, त्यापुढे जाऊच शकत नाही. का? कारण सगळ्यांनी सगळ्यांपासून होता होईल तेवढं लांब बसायचं ठरवलं तर एकच रचना उरते: षटकोनांची जाळी.

आणि इथे दुसऱ्याच वाटेने येऊन पोचलेला एक माणूस भेटतो. क्लार्क-इव्हान्सच्या एकवीस वर्षं आधी, 1933 साली, वाल्टर क्रिस्टालर हा जर्मन भूगोलकार दक्षिण जर्मनीतली गावं आणि बाजारपेठा तपासत होता. जमीन सपाट, माणसं सगळीकडे सारखी पसरलेली आणि प्रत्येकजण जवळच्याच बाजारात जाणारा असं धरलं, तर बाजारपेठांची हद्द कोणत्या आकाराची होईल? उत्तर: षटकोन. लहान बाजारांचे लहान षटकोन, त्यांना पोटात घेणारे मोठ्या बाजारांचे मोठे षटकोन. मीठ-मिरची गावात, कापड तालुक्याला, दागिने जिल्ह्याला ही आपली उतरंड त्याने भूमितीत बसवली. प्रत्येक दुकानाला जगायला किमान इतकी गिऱ्हाइकं लागतात, तेवढी आसपास नसतील तर ते दुकान तिथे टिकत नाही, हा त्याचा पाया. (आपल्या आठवडे बाजाराने या नियमातून फार पूर्वीच पळवाट काढली होती. एका गावात रोज पुरेसं गिऱ्हाईक नाही ना? मग दुकानच सोमवारी या गावात, मंगळवारी त्या गावात हलवा. भूगोल जमत नसेल तर वेळापत्रक वापरा! याच्यापुढे कोणताही सिद्धांत मला जरा फिकाच वाटतो.)

क्रिस्टालरच्या हिशेबाने मोठं दुकान बारक्या गावात चालायलाच नको. आणि नेमका हाच हिशेब अमेरिकेतल्या एका खेडवळ दुकानदाराने उलटा केला.

सॅम वॉल्टन 1945 साली आर्कान्साच्या न्यूपोर्ट या गावात दुसऱ्या कंपनीच्या नावाखाली एक छोटं दुकान चालवू लागला. दुकान जोरात चाललं, पण भाडेकरारात मुदत वाढवून घेण्याचं कलम घालायचं राहिलं होतं. करार संपल्यावर जागामालकाने दुकान आपल्या मुलासाठी मागितलं, आणि वॉल्टनला गाव सोडावं लागलं. 1950 मध्ये तो बेंटनव्हिल नावाच्या गावात आला. हे गाव का? एक तर बायकोची, हेलनची अट होती की दहा हजारांहून मोठ्या गावात राहायचं नाही. आणि दुसरं कारण ऐका: वॉल्टनला लाव्यांच्या शिकारीचं वेड होतं. बेंटनव्हिल हे आर्कान्सा, ओक्लाहोमा, मिसुरी आणि कॅन्सस या चार राज्यांच्या सीमा जवळ येतात त्या कोपऱ्यात आहे. प्रत्येक राज्याचा शिकारीचा हंगाम वेगळा. एक संपला की सीमा ओलांडून दुसऱ्यात जायचं!

जगातल्या सगळ्यात मोठ्या दुकानसाखळीचं केंद्र तिथे आहे त्याचं एक कारण लावे पक्षी आहेत. नकाशे वाचणाऱ्याने हे पक्कं ध्यानात ठेवावं. पहिला ठिपका कुठे पडला याला बहुधा शास्त्र नसतं, दुसऱ्यापासून पुढे असतं.

वॉलमार्ट नावाचं पहिलं दुकान बेंटनव्हिलच्या शेजारच्या रॉजर्स गावात 2 जुलै 1962 रोजी उघडलं. त्याच वर्षी केमार्ट या साखळीचं पहिलं दुकान डेट्रॉइटच्या उपनगरात निघालं आणि टार्गेटचं मिनेसोटात. तिघांचा जन्म एकाच वर्षातला. केमार्टमागे जुनी श्रीमंत कंपनी होती आणि तिने थेट मोठमोठ्या शहरांच्या उपनगरांत उड्या घेतल्या. वॉल्टनकडे पैसे कमी. तो 1968 पर्यंत आर्कान्साबाहेर पडला नाही, आणि पडला तो लगतच्या मिसुरी आणि ओक्लाहोमात. 1970 साली त्याची 38 दुकानं होती, 1980 मध्ये 276. कॅलिफोर्नियात पोचायला त्याला 1990 साल उजाडलं, म्हणजे अठ्ठावीस वर्षं! आणि पन्नासावं राज्य, व्हरमाँट, 1995 मध्ये आलं. 1990 च्या सुमारास मात्र तो केमार्टच्या पुढे निघून गेला होता, आणि 2002 च्या जानेवारीत केमार्टने दिवाळखोरीचा अर्ज केला.

जागा वॉल्टन स्वतः शोधायचा, आणि कशा? एक सेकंडहँड, दोन आसनी विमान त्याने घेतलं होतं. गावावरून अगदी खालून उडायचं, विमान एका कुशीवर कलतं करायचं आणि बघायचं: गाव कोणत्या बाजूला वाढतंय, गाड्या कुठून कुठे जातात, शेजारचं दुकान कुठे आहे. जागा पसंत पडली की उतरायचं आणि जमीनमालकाचा पत्ता काढायचा. आज याच कामाला उपग्रहाची छायाचित्रं आणि मोबाइल फोनची नोंद वापरतात. आणि तो नियम काय पाळायचा? प्रत्येक दुकान आपल्या गोदामापासून ट्रकने एका दिवसाच्या टप्प्यात हवं. त्या टप्प्याच्या पार कडेला आधी दुकान काढायचं, मग आतला मुलूख एकेक तालुक्याचं गाव धरत भरून काढायचा.

आता एक गोष्ट खटकायला हवी. मुलूख भरून काढायचा म्हणजे आपल्याच दुकानाशेजारी आपलंच दुकान काढायचं. नवं दुकान जुन्याची गिऱ्हाइकं खाणार. एकाचा गल्ला फोडून दुसऱ्यात टाकण्यासारखंच हे. असं कोण शहाणा करील?

तुमच्या दुधवाल्याला विचारा. एकाच इमारतीत वीस घरं असतील तर तो एका खेपेत अर्ध्या तासात मोकळा होतो. तीच वीस घरं वीस गल्ल्यांत असतील तर सकाळ संपते, पेट्रोल जातं आणि उरलेलं दूध नासायला लागतं. म्हणून जिथे आधीच तीन घरं आहेत त्या जिन्यातलं चौथं घर त्याला हवं असतं, मग ते रोज अर्धाच लिटर घेणारं का असेना. लांबच्या बंगल्यातले रोजचे पाच लिटर तो हसून नाकारतो. अर्थशास्त्रात याला दाटीची काटकसर म्हणता येईल. एकच ट्रक चार दुकानांना माल उतरवतो, एका दुकानात संपलेला साबण शेजारून तासाभरात येतो, एकच साहेब एका दिवसात चार दुकानं तपासतो, एकच जाहिरात चौघांना पुरते.

ठीक. पण ही काटकसर रुपयांत, किंवा डॉलरांत, किती? कंपनी कशाला सांगेल! तिच्या हिशेबाच्या वह्यांत तरी हा आकडा एका ओळीत लिहिलेला असतो का? नसतोच. तो ट्रकच्या भाड्यात थोडा, पगारात थोडा, न नासलेल्या मालात थोडा असा विखुरलेला असतो.

आणि इथे येतो माझ्या मते या सगळ्या गोष्टीतला सगळ्यात देखणा भाग. मिनेसोटा विद्यापीठातले अर्थशास्त्रज्ञ थॉमस होम्स यांनी तो आकडा कंपनीच्या एकाही वहीला हात न लावता, मुख्यतः नकाशावरून आणि तारखांवरून काढला. मुख्य आधार, वॉलमार्टचं कोणतं दुकान कुठे आणि कधी उघडलं याचा. त्यांचा निबंध 2011 मध्ये ‘इकॉनोमेट्रिका’ या नियतकालिकात आला.

युक्ती अशी. दोन दुकानं घ्या. एक गोदामाजवळच्या खेड्यातलं, जिथे आधीच आसपास वॉलमार्ट आहेत. ते लवकर उघडलं. दुसरं लांबच्या भरवस्तीतलं, जिथे कोणीच नव्हतं. ते कितीतरी वर्षांनी उघडलं. आता मनातल्या मनात दोघांच्या तारखांची अदलाबदल करा. लांबचं आधी, जवळचं नंतर. कुठल्या भागात माणसं किती, ती किती लांबून येतात, किती खर्च करतात यावरून विक्रीचा अंदाज बांधता येतो. समजा, अदलाबदलीने कंपनीला वर्षाला अमुक इतके डॉलर जास्त मिळाले असते. पण कंपनीने तसं केलं नाही. का नाही? माणसं मूर्ख नव्हती. याचा अर्थ, जवळ राहण्यात त्यांचे निदान तेवढे डॉलर तरी वाचत असणार!

पाहिलंत? न घडलेल्या गोष्टीतून घडलेल्या गोष्टीची किंमत निघाली. आता उलट जातीची जोडी घ्या, जिथे कंपनीने थोडं लांबचं दुकान आधी उघडलं होतं. तिथून कळतं की बचत जास्तीत जास्त इतकीच असणार, नाहीतर त्यांनी तसं केलं नसतं. एक जोडी म्हणते ‘एवढं तरी’, दुसरी म्हणते ‘एवढंच फार’. अशा जोड्यांवर जोड्या तपासत गेलं की वरची आणि खालची मर्यादा जवळ जवळ येते, आणि त्या दोघींच्या चिमटीत आकडा सापडतो. गोदामापासूनचं अंतर एका मैलाने कमी झालं तर एका दुकानामागे वर्षाला सुमारे 3,500 डॉलर वाचतात. शंभर मैलांचा फरक म्हणजे एकेका दुकानाला साडेतीन लाख डॉलर. नुसत्या ट्रकच्या भाड्याचा हिशेब केला तर इतके होत नाहीत. बाकीची काटकसर त्या विखुरलेल्या जागांमधून येते.

होम्स यांच्या नकाशातली आणखी एक गोष्ट: वॉलमार्टने कधीही गोदामाच्या टप्प्याबाहेर लांबवर उडी मारून, मधली जागा नंतर भरू, असं केलं नाही. नवं दुकान नेहमी आधीच्या दाटीला चिकटून. एखाद्या सुपीक शहरात ते उशिरा पोचले याची किंमत त्यांनी डोळ्यांदेखत मोजली, कारण दुसऱ्या पारड्यात गोदाम होतं.

आता आपल्या लाल ठिपक्यांकडे या. डीमार्टचं पहिलं दुकान 2002 मध्ये पवईत उघडलं. त्याआधी डीमार्टचे संस्थापक राधाकिशन दमाणी यांनी नेरूळला अपना बाजारची एक शाखा चालवायला घेतली होती. तो अपना बाजार म्हणजे 1948 मध्ये नायगावच्या कामगार वस्तीत सुरू झालेली सहकारी ग्राहक चळवळ. गिरणगावाच्या सहकाराशी या साखळीचा असा धागा आहे, हे फार थोड्यांच्या ध्यानात असतं. पुढची वाटचाल बघा: मार्च 2017 मध्ये, शेअर बाजारात नोंदणी झाली तेव्हा, दुकानं 131. म्हणजे पंधरा वर्षांत 131 आणि त्यानंतरच्या आठ वर्षांत आणखी 284. आपण समूहासमूहाने वाढतो, असं कंपनीच सांगते. त्यात एक जास्तीची गाठ आहे: ती बहुतेक दुकानांच्या जागा भाड्याने घेण्याऐवजी विकत घेते. भाड्याची जागा चुकली तर कुलूप लावून निघता येतं. विकत घेतलेली चुकली तर अडकलात. म्हणून ज्या मुलखातले रस्ते, वस्ती, जमिनीचे भाव तळहातासारखे माहीत आहेत तिथूनच हळूहळू सरकायचं. कोलकात्यात एकटं दुकान टाकायचं म्हणजे नुसतं दुकान टाकणं नव्हे, त्याच्यामागे गोदाम, ट्रक, पुरवठादार, देखरेखीची माणसं, सगळं एका ठिपक्यासाठी उभं करणं. नाशिक, कोल्हापूर, सोलापूरला मात्र मागचं सगळं बऱ्याच अंशी तयार होतं.

पण आपल्या देशात ही गोष्ट इतकी सरळ नाही, कारण इथे गोदामं कुठे असावीत हे बराच काळ अंतराने ठरवलंच नव्हतं. कराने ठरवलं होतं. मुंबईच्या हद्दीत माल आला की जकात. मग हद्दीच्या जरा बाहेर, आग्रा रोडवर, भिवंडीच्या आसपासच्या ग्रामपंचायतींत माल ठेवायचा आणि लागेल तेवढाच आत आणायचा. भातखाचरांच्या जागी मैलोन् मैल पत्र्यांची छपरं उभी राहिली, त्यात एका जकात नाक्याचा केवढा वाटा! तसंच राज्यांचं. एका राज्यातून दुसऱ्यात थेट विक्री केली की केंद्रीय विक्रीकर लागायचा. स्वतःच्याच त्या राज्यातल्या गोदामात माल नेऊन मग विकला तर तो वाचायचा. मग प्रत्येक मोठी कंपनी राज्यागणिक एक गोदाम ठेवायची, गरज असो वा नसो. गोदामांच्या नकाशावर तुम्हाला राज्यांच्या सीमा न आखताही दिसल्या असत्या. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला, जकातही गेली, आणि बऱ्याच कंपन्यांनी पहिल्यांदाच विचारायला सुरुवात केली: कर सोडा, रस्त्याने जवळ काय पडतं? त्यानंतर अनेकांनी गोदामं कमी केली आणि मोठी केली. भिवंडी मात्र हलली नाही. जकात गेली तरी मुंबई शेजारीच राहिली, आणि हमाल, ट्रक, वजनकाटे, पंक्चरवाले सगळे तिथे आधीच जमलेले होते. लाव्यांच्या गावासारखंच हेही: कारण संपतं, गाव राहतं.

आणि आता, हे सगळं वाचायला शिकावं तोवर, ठिपक्याची जातच बदलते आहे. दहा-पंधरा मिनिटांत घरपोच सामान देणाऱ्या कंपन्या शहरात गल्लोगल्ली छोटी गोदामं उघडत आहेत, जिथे गिऱ्हाईक पाऊलही टाकत नाही. दुकान आणि गोदाम यांच्यातलं अंतर शून्य, आणि मोजायचं उरतं ते गोदाम ते दार एवढंच, तेही मैलांत नाही, मिनिटांत. स्कूटरला लाल दिव्यापाशी किती थांबावं लागतं, उड्डाणपुलाचा उतार कुठल्या बाजूला आहे, सोसायटीच्या फाटकावर नोंद करायला किती वेळ जातो, हे सगळं त्या हद्दीच्या आकारात उतरतं. क्रिस्टालरने सपाट जमीन धरली होती म्हणून त्याला षटकोन मिळाला. अंधेरीत हीच हद्द आखून बघा: रेल्वे रुळांपाशी ती कापल्यासारखी थांबेल, आणि रूळ ओलांडून दोनशे मीटरवर असलेलं घर दुसऱ्याच गोदामाच्या वाट्याला गेलेलं असेल.